पाय गेल्यापासून दाजींनी माळ काढून ठेवलीय. घरच्यांनी काय करावं?

विडीघरकुल

नमस्कार मंडळी. माझे दाजी, वय ४६, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. रस्त्यावरच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आज सहावा आठवडा आहे. टाके निघालेत, जखम कोरडी आहे, शुगर नाही.

घर माळकरी, एकादशी कधी चुकलेली नाही. दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी दाजींनी गळ्यातली माळ काढून डबीत घातली आणि डबी देवघरात ठेवून दिली. "त्याच्याच दारी चाललो, त्यानंच पाय नेला," एवढंच म्हणतात. येणारे-जाणारे सगळे "पॉझिटिव्ह राहा" म्हणलालेत. कुणी आलं की दाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.

चार गोष्टी विचारायच्यात. रात्री नसलेल्या पायाची बोटं जळतात म्हणतात, शेजारची एक बाई म्हणाली हे बाहेरचं आहे, देवऋषीला दाखवा. दुसरं, एकादशी करू द्यावी का? तिसरं, ताईनं नवस बोललाय की नवा पाय बसला की दाजी सोलापूरहून पंढरपूरला चालत येतील. हे जमण्यासारखं आहे का? आणि चौथं मोठं आहे. माणसाचा देवावरचा आणि स्वतःवरचा विश्वास परत कसा येतो? उपदेश नको, घरात करता येईल असं सांगा.

फिजिओ_होटगीरोड

आधी बोटांचं. हे बाहेरचं वगैरे काही नाही, आणि दाजींना वेडही लागलेलं नाही. पाय गेला तरी मेंदूत त्या पायाचा नकाशा शाबूत असतो. खालून खबर येणं थांबतं, कापलेल्या नसांची टोकं चुकीचे इशारे पाठवत राहतात आणि मेंदू त्याचा अर्थ जळजळ, मुरगळा, विजेचा झटका असा लावतो. पाय काढलेल्या बहुतेकांना हे कमी-जास्त होतंच. दाजींना हे अगदी याच शब्दांत सांगा. "मला भास होतायत" ही भीती गेली की अर्धी रात्र हलकी होते. साध्या वेदनाशामक गोळीचा यावर फारसा उपयोग होत नाही. नसांच्या दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, त्या डॉक्टरांना विचारून चालू करा आणि मनानं एकदम बंद करू नका.

घरी करायचं ते असं. थोट्याला, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाला, स्पर्शाची सवय लावायची. आधी कापूस, तो सहन झाला की मऊ सुती कापड, मग आपला सोलापुरी टर्किश टॉवेल. टोकाशी आणि कडांना पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. व्रणावर खरडायचं नाही. हे दाजींनी स्वतःच्या हातानं करावं. पहिले काही दिवस ते बघायलाही तयार होणार नाहीत, तेव्हा चादरीखालून हात घालून केलं तरी चालेल. स्वतःच्या थोट्याला हात लावणं हीच पुष्कळांना सगळ्यात अवघड पायरी असते.

मग आरसा. व्ही. एस. रामचंद्रन या मेंदूतज्ज्ञांनी ही पद्धत १९९० च्या दशकात पुढे आणली. कपाटाचा सुटा आरसा घ्या, गुडघ्यापासून बोटांपर्यंतचा पाय पूर्ण दिसेल एवढा, म्हणजे निदान दोन-अडीच फूट लांब. कडांना चिकटपट्टी लावा. दाजींनी पलंगावर पाय लांब करून बसायचं. आरसा दोन्ही पायांच्या मध्ये उभा, चकाकती बाजू उजव्या पायाकडे, थोटं आरशामागे झाकलेलं. उजव्या पायात मोजा किंवा काळा दोरा असेल तर काढा, नाहीतर मेंदूला तो "दुसरा" पाय वाटत नाही. आता आरशात बघत उजव्या पायाची बोटं सावकाश उघडायची-मिटायची, पंजा वर-खाली, गोल. त्याच वेळी डावीकडेही तेच होतंय असं मनात धरायचं. रोज १०-१५ मिनिटं, निदान चार आठवडे. मळमळ झाली, गरगरलं किंवा रडू कोसळलं तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांवर यायचं. सोडून द्यायचं नाही.

घरची माणसं मायेपोटी एक चूक हमखास करतात. थोट्याखाली उशी देतात. त्यानं गुडघा आणि खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतात, मग कृत्रिम पाय नीट बसत नाही, बसला तरी चाल बिघडते. उशी काढा. गुडघा सरळ राहू द्या, पलंगाच्या कडेवरून थोटं लोंबकळत ठेवू नका. दिवसातून दोन-तीनदा २० मिनिटं पालथं झोपवा, तोंड उजवीकडे. पालथं झोपून घड्याळ बघणं फार जड जातं. अभंग लावा, "एवढे अभंग होईपर्यंत" असं माप ठेवा. ऐकायचं नाही म्हणाले तर बातम्या लावा, तेही चालेल.

पट्टीचं शेवटचं. १० सेंटिमीटर रुंदीची ताणाची पट्टी, इंग्रजी आठच्या आकारात, टोकाशी घट्ट आणि वर सैल होत जाणारी. दर चार तासांनी सोडून पुन्हा बांधायची. नुसती गोल-गोल गुंडाळली तर वर फास बसतो आणि टोक सुजतं. एकदा कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या, वाचून हे येत नाही.

माळकरी_मंगळवेढा

विडीघरकुल ताई, दाजींनी माळ काढली म्हणजे श्रद्धा गेली असं समजू नका. ज्याच्याशी नातंच नाही त्याच्यावर कुणी रुसत नाही. वारकरी परंपरेत देवाशी भांडायला पुरेपूर जागा आहे. नामदेव, जनाबाई, तुकोबा, सगळे विठ्ठलाला खडे बोल सुनावतात, आणि तेच अभंग आपण टाळ घेऊन म्हणतो. दुष्काळात तुकोबांची बायको गेली, मूल गेलं. चोखोबा तर इथं मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गेले आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारात, नामदेव पायरीपाशी झाली. परंपरेनं त्यांच्या मरणाला शिक्षा म्हटलेलं नाही. हे दाजींच्या कानावर जायला हवं, पण कीर्तनासारखं नको, सहज बोलण्यात.

म्हणून घरात तीन वाक्यं बंद करा: "देव परीक्षा बघतोय", "मागच्या जन्मीचं असेल", "पाय गेला पण जीव वाचला ना". शेवटचं वाक्य खरं आहे, पण ते बोलायचा हक्क फक्त दाजींचा. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांनी दुःखातल्या श्रद्धेचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यातला आपल्या कामाचा भाग असा, की "देव माझ्याबरोबर आहे" या भावनेनं माणूस सावरायला मदत होते आणि "देव मला शिक्षा करतोय" ही भावना धरून बसली तर तब्येत आणि मन दोन्ही खालावतात. म्हणजे प्रश्न देव मानतो की नाही हा नाही. दाजींच्या मनातला देव आत्ता कोणत्या बाजूला उभा आहे, हे बघायचं.

त्यांनी "त्यानंच नेला" म्हटलं की उत्तर देऊ नका. "हो, राग येणारच, मला पण आला" एवढं म्हणा आणि शेजारी बसून राहा. भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगा, १५ मिनिटं बसा, अपघात कसा झाला ते विचारू नका.

नाम सुरू करायचं झालं तर व्यायामासारखंच थोड्यापासून. पहिल्या आठवड्यात १०८ मण्यांचा हट्ट नको. पट्टी बांधताना किंवा टॉवेल फिरवताना, श्वास सोडता सोडता एकदा "राम कृष्ण हरी", सावकाश लांबवून. आत घ्यायला साधारण चार सेकंद, सोडायला सहा. मिनिटाला सहा श्वास होतात. २००१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या डॉक्टरांचं संशोधन आलं होतं. जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि मंत्रजप, दोन्हींनी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते असं त्यांना दिसलं. दाजींना नाव घ्यायचं नसेल तर नुसता श्वास मोजू द्या. श्वास रोखून धरायचा नाही, दम लागला तर नेहमीसारखा घ्यायचा.

एकादशी. जखम भरणाऱ्या माणसाला रोज वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दाजी ६० किलोचे धरले तर ७२ ते ९० ग्रॅम. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. दिवसभरात तीन पेले दूध (सुमारे २४ ग्रॅम) आणि १०० ग्रॅम शेंगदाणे (सुमारे २५) पोटात गेले तरी पन्नाशीच्या पुढे गाडी जात नाही. त्यामुळे नवा पाय बसून कातडी पक्की होईपर्यंत उपवास नको. रोज डाळ, दही, भाकरीबरोबर शेंगाची चटणी, जमलं तर पनीर. "मोडली" असं वाटू नये म्हणून एकादशीला चहा सोडायला सांगा, किंवा संध्याकाळी एक अभंग. आजाऱ्यानं उपवास धरू नये हे जुनी माणसंही सांगत आलीत.

नवसाबद्दल चालण्याची माहिती असणाऱ्यांनी बोलावं. माझं इतकंच म्हणणं, ताईंनी बोललेला नवस दाजींच्या पाठीवर टाकू नका.

विजापूरवेस

दाजींचा मार्ग वेगळा आहे, पण हा धागा आमच्याकडचेही लोक वाचतील म्हणून लिहितो. अपघातानंतर "आता सजदा (जमिनीला कपाळ टेकणं) होत नाही, म्हणजे नमाज गेली" असं समजून कितीतरी जण सोडून देतात. तसं नाही. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर आडवं होऊन, तेही नसेल तर मानेच्या इशाऱ्यानं. बसून पढताना रुकूपेक्षा (कमरेत वाकण्यापेक्षा) सजद्याला जरा जास्त वाकायचं. वजू करताना पट्टीवर पाणी नको, ओला हात वरून फिरवला की पुरतं, आणि पाणीच वर्ज्य असेल तर तयम्मुम, म्हणजे कोरड्या मातीनं शुद्धी. खुर्ची बिनहाताची घेऊ नका, कृत्रिम पाय नवा असताना तोल जातो. पहिल्या दिवसापासून पाचही वेळा उभं राहण्याची जिद्द धरतात आणि दोन आठवड्यांत थकून सगळंच सुटतं, असं फार होतं. बसून सुरुवात करा.

विडीघरकुल

सगळ्यांचे आभार. उशी खरंच होती, कालच काढली. आरसाही मिळालाय. एक लिहायचं राहिलं होतं. परवा रात्री ताईला म्हणाले, "मी नसतो तर तुझ्या डोक्यावरचं ओझं तरी उतरलं असतं." हा नुसता वैताग समजायचा का?

ऐकणारी_सातरस्ता

वैताग आहे असं धरून चालू नका. आज विचारा. कोण विचारणार हे आधी ठरवा, दाजी ज्याच्याशी सगळ्यात कमी चिडतात ते माणूस. खोलीत तिसरं कुणी नको. शब्द सरळ ठेवा: "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट बहुतेकांना हलकं वाटतं. "हो" म्हणाले तर पुढचा प्रश्न, "कसा, कधी, असं काही ठरवलंय का?" ठरवलेलं असेल तर एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. "नाही" म्हणाले तरी सगळ्या गोळ्या ताईंच्या ताब्यात, एका वेळची मात्रा हातात. घरात शेतीचं औषध, फिनेल असेल तर हलवा.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. दाजीच बोलले पाहिजेत असं नाही, ताईंनीही लावावा.

आणि रडणं, चिडणं, देवावर रागावणं हे दुःख आहे, यात दिवस वर-खाली होतात, मधेच एखादं हसू येतं. दोन आठवडे सलग झोप नाही, भूक नाही, कशातच चव नाही, व्यायाम-गोळ्या नाकारतात, आपण ओझं आहोत हेच घोकतात, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. श्रद्धा कमी पडली म्हणून तो होत नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं आणि हरिपाठ म्हणणं यांचं एकमेकांशी काही वाकडं नाही.

बाराबंदी

दाजी जॉबर आहेत ना? मग "पॉझिटिव्ह" शब्द घरातून काढून टाका आणि त्यांच्या हातात काम द्या. माग बंद पडला की आवाजावरून दोष ओळखणारा माणूस. त्याला सहा आठवडे कुणी एक प्रश्न विचारला नसेल. पोरग्याला फोन लावायला सांगा: धोटा (आडवा धागा नेणारा) पेटीत आपटतोय, बाणा (आडवा धागा) तुटतोय, काय बघू? फोनवरून दोष सांगायला पाय लागत नाही. पहिल्यांदा दोनच मिनिटं बोलतील. बोलू द्या.

कांडी (धोट्यातली धाग्याची नळी) भरायचं यंत्र घरात येऊ शकत असेल तर तेही बसून होतं, मात्र उंची अशी ठेवा की डावा गुडघा लांब करून खाली पाटाचा टेकू देता येईल. किती वेळ बसायचं याचंही माप आहे. तीन दिवस बघा, दुखणं वाढण्याआधी किती मिनिटं बसवतं. समजा २०, २५, १५. सरासरी २०. सुरुवात १६ मिनिटांनी, म्हणजे पाचातली चार. दर आठवड्याला दहावा हिस्सा वाढवा. बरं वाटलं म्हणून एका दिवसात तासभर बसले की पुढचे तीन दिवस आडवे, आणि "माझ्यानं काहीच होत नाही" हा विचार तिथूनच येतो. बऱ्या दिवशी हात आखडायचा, वाईट दिवशी थोडं तरी करायचं. वहीत दुखणं लिहू नका, काय केलं ते लिहा: १६ मिनिटं बसले, आठ कांड्या. महिन्यानं मागची पानं दाजींनाच वाचायला द्या.

देवदर्शनाला सुरुवातीलाच सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत किंवा पंढरपूरच्या रांगेत नेऊ नका. धक्का लागून पडले तर पुढचे सहा महिने घराबाहेर पडणार नाहीत. सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती ६८ लिंगं स्थापन केली अशी आपली परंपरा आहे, त्यातलं जवळचं एखादं बघा. सोमवार टाळा, सकाळी लवकर रिक्षानं. आधी एकट्यानं जाऊन पायऱ्या मोजा, कठडा कोणत्या हाताला आहे ते बघा. पंढरपूरला गेलातच तर नामदेव पायरी आणि कळस, एवढ्यावर पहिली भेट पुरे.

फिजिओ_होटगीरोड

नवसाचा प्रश्न राहिला होता. सोलापूर-पंढरपूर सुमारे ७२ किलोमीटर. नवा पाय बसल्यावर लगेच नाही, आणि उन्हाळ्यात अजिबात नाही. थोट्याची सूज उतरून आकार ठरायला आठवडे लागतात, त्यानंतरच माप घेतात. पाय मिळाल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तास घालायचा, काढून कातडी बघायची, मागची बाजू हातआरशात. लाली १५-२० मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर पाय परत घालायचा नाही, बनवणाऱ्याला दाखवायचा. फोड आला तर भरेपर्यंत चालणं बंद. थोटं दिवसभरात आणि महिन्यांत बारीक होत जातं, पाय सैल वाटला की थोट्यावरच्या मोज्याचा एक थर वाढवायचा. थोटं धुणं रात्री, सकाळी नाही, कारण ओलसर कातडी सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत थोटं बसतं तिच्यात) सोलवटते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडते, घामानं सॉकेट निसटतं. दर दोन तासांनी काढून पुसा.

पण नवस मोडायची गरज नाही. ७२ किलोमीटर म्हणजे ७२ हजार मीटर. रोज २०० मीटर धरले तर ३६० दिवस. गल्लीचं अंतर एकदा टेपनं मोजा, भिंतीवर कॅलेंडर लावा, चालले तेवढे मीटर लिहा. कुबड्यांवर चाललेलेही धरा. जिथे बेरीज पोहोचेल तिथे वाटेवरच्या गावाचं नाव लिहा, तिऱ्हे, मग पुढचं. ताईंनी त्यांच्याबरोबर चालावं, नवस त्यांचाच आहे.

विडीघरकुल

काल विचारलं. "ठरवलेलं काही नाही, पण वाटतं," म्हणाले, आणि बराच वेळ बोलले. १४४१६ वर ताई बोलली, उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. गोळ्या ताईकडे आहेत. पोरग्यानं धोट्याचं विचारलं तर चिडून का होईना, उत्तर दिलं. शेवटचं विचारते, डबीतली माळ आम्ही काढून पलंगाला अडकवू का?

माळकरी_मंगळवेढा

नको ताई. डबी उघडू नका, "घाला" असंही म्हणू नका. देवघर त्यांना चढून-वाकून गाठता येत नाही, म्हणून डबी तेवढी पलंगाच्या उजव्या बाजूला, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवा, हात पुरेल अशी. डबीत कापूस घाला, ओल लागली की दोरा कुजतो. ज्या महाराजांकडून माळ घेतली होती त्यांना एकदा घरी बोलवा, पण आधी फोनवर सांगून ठेवा की माळेचा विषय त्यांनी काढायचा नाही.